हेड कोच व्हायचंय? मग एनसीएए विमेन कोचेस अकॅडमीचे चार दिवस कुणी द्यावेत

अमेरिकेतल्या कॉलेज सॉकरमध्ये तीन-चार मोसम सहायक कोच म्हणून काढले आणि आता स्वतःचा संघ हवाय. अशा वेळी पैसे आणि रजा कशावर घालवायची, यूएस सॉकर या राष्ट्रीय महासंघाच्या पुढच्या कोचिंग लायसन्सवर की एनसीएएच्या (अमेरिकी कॉलेज खेळांची संघटना) विमेन कोचेस अकॅडमीवर, जी 'वीकोच' ही संस्था चालवते? बी लायसन्स (खालून चौथी पायरी) हातात असेल तर अकॅडमी आधी करा. नसेल तर आधी लायसन्स.

अकॅडमी चार दिवसांची आहे. सॉकर, व्हॉलीबॉल, पोहणं अशा सगळ्या खेळांच्या कोच एकाच वर्गात बसतात आणि मैदानावरचं काहीच शिकवलं जात नाही. विषय असतात बजेट, कायदा, माणसं नेमणं आणि काढणं, वरिष्ठांशी बोलणं. ड्रिल्स शिकायच्या अपेक्षेने गेलेली हिरमुसून परतते. पण हीच या अकॅडमीची जमेची बाजू आहे. मुलाखतीत ॲथलेटिक डायरेक्टर, म्हणजे विद्यापीठाचा क्रीडाप्रमुख, तुमची ४-३-३ ची संघरचना पाच मिनिटं ऐकतो. उरलेला वेळ पैसा, खेळाडूंची भरती आणि पहिल्या काही महिन्यांचा आराखडा यांवर जातो, आणि सहायक कोचला या गोष्टी हाताळायला क्वचितच मिळतात.

अकॅडमीत नसलेला भाग मात्र घरून करून न्यावा लागतो. सर्वांत मोठा म्हणजे संघाचा हिशेब. पूर्वी डिव्हिजन वनच्या (सर्वांत वरच्या श्रेणीच्या) महिला संघाला १४ शिष्यवृत्त्या असत, त्या अर्धी-पाव करून वाटता येत आणि खेळाडू कितीही ठेवता येत. खेळाडूंच्या मोबदल्यावरून झालेल्या हाऊस खटल्याच्या तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांना २०२५-२६ पासून जास्तीत जास्त २८ खेळाडू ठेवता येतात. आता कागदावर मांडून बघा. ३ गोलरक्षक वजा केले की २५ उरतात. चार वर्षांच्या तुकड्यांत प्रत्येकी ६, आणि एक जागा शिल्लक. शेवटच्या वर्षाची एखादी मुलगी गुडघ्याच्या दुखापतीने मोसमभर बाहेर बसली आणि तो मोसम भरून काढायला पाचव्या वर्षीही संघात राहिली, की ती शिल्लक जागा गेली. अशा दोघी राहिल्या तर नव्या तुकडीत पाचच जणी घेता येतात. त्या नव्या मुलींशी बोलणी मात्र दहावीनंतरच्या १५ जूनपासून, म्हणजे दोन वर्षं आधीच सुरू झालेली असतात. म्हणून ट्रान्सफर पोर्टलसाठी, म्हणजे दुसऱ्या कॉलेजांतून येऊ पाहणाऱ्या खेळाडूंसाठी, दोन-तीन जागा मोकळ्या ठेवाव्या लागतात. मुलाखतीत उमेदवार सगळ्यात जास्त इथे अडखळतात. खेळाचं तत्त्वज्ञान सुंदर मांडलेलं असतं, पण सगळ्या जागा शाळकरी मुलींनी भरून टाकलेल्या असतात. पोर्टलमधून अनुभवी बचावपटू आली तर तिला कुठे बसवणार, याला उत्तर नसतं.

लायसन्सबद्दल थोडं. ग्रासरूट्स, डी, सी, बी, ए, प्रो अशी चढती शिडी आहे. डीपासून पुढे स्वतःच्या संघाच्या सत्रांचं चित्रीकरण करून पाठवावं लागतं. कॉलेजमध्ये अडचण इथे येते. मोसमात सरावाला आठवड्याला २० तासांची आणि दिवसाला ४ तासांची मर्यादा, त्यातलं पूर्ण सत्र सहायकाला सोडायला हेड कोच सहसा तयार नसतो. मोसमाबाहेर मर्यादा ८ तासांवर येते. त्यामुळे अर्ज करण्याआधीच हेड कोचकडून सत्रांच्या तारखा लेखी घ्या आणि कोर्स ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या मध्ये येणार नाही हे पाहा. नाहीतर एखाद्या क्लबच्या संघाची सोय आधीच करून ठेवा. आणखी एक खाचखळगा: लायसन्सचं शिक्षण फिफाच्या नियमांवर बेतलेलं असतं, तर कॉलेजमध्ये उत्तरार्धात बदललेली खेळाडू परत मैदानात येऊ शकते. बदलीचं सगळं गणित त्यामुळे वेगळं होतं, आणि ते कुणी मुद्दाम शिकवत नाही.

सगळ्या खेळांच्या बायका एकत्र बसवण्याचा खरा फायदा ओळखींचा आहे. नेमणूक करणाऱ्या ॲथलेटिक डायरेक्टरच्या फोनमध्ये कुणाची नावं आहेत, यावर अजूनही खूप काही ठरतं. १९७२ मध्ये, शिक्षणात लिंगभेदाला बंदी करणारा टायटल नाइन कायदा आला तेव्हा, कॉलेजच्या महिला संघांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त संघांच्या कोच बायका होत्या. आता निम्म्याही नाहीत. बायकांना जमत नाही म्हणून हे झालं, असं म्हणणाऱ्याने २०२२ चा मोसम आठवावा. स्टॅनफर्डची सहायक कोच मार्गरीट आओझासाने यूसीएलएची हेड कोच म्हणून पहिल्याच वर्षी डिव्हिजन वनचं विजेतेपद मिळवलं. अंतिम सामन्यात दोन गोलांची पिछाडी होती, बरोबरीचा गोल शेवटच्या मिनिटात आला आणि जादा वेळेत नॉर्थ कॅरोलायनाचा ३-२ पराभव झाला. त्याच मोसमात ज्युलियान सिचने शिकागो विद्यापीठाच्या पुरुष संघाला डिव्हिजन थ्रीचं विजेतेपद जिंकून दिलं. पुरुषांच्या सॉकरमध्ये एनसीएए विजेतेपद मिळवणारी ती पहिली महिला हेड कोच.

सहायक म्हणून पहिल्याच वर्षात असाल तर अकॅडमी पुढे ढकला, कारण बजेट आणि नेमणुकांच्या चर्चेत जोडायला स्वतःचं उदाहरण नसेल. जाताना दोन कागद न्या: २८ जणींचा वर्षवार तक्ता आणि तुमच्या सध्याच्या संघाचा प्रवास, हॉटेल आणि जेवणाचा एका मोसमाचा खर्च. दुसरा कागद मिळवण्यासाठी तुमच्या संघाचं ऑपरेशन्स बघणाऱ्या माणसाला निदान महिनाभर आधी विचारा.