दंडावरचं बटण आणि पोहे-जिलेबी: फ्रीस्टाइल लिब्रेचा हिशेब

आधीच सांगतो, बोट टोचायचं यंत्र फेकू नका. लिब्रे म्हणजे मधुमेहींनी दंडावर चिकटवायचा, बटणाएवढा साखरेचा सेन्सर; इथला हिशेब पहिल्या पिढीच्या लिब्रेचा. तो रक्तातली साखर मोजतच नाही. त्याची ५ मिलिमीटरची बारीक तार कातडीखालच्या पेशींभोवतीच्या द्रवात असते आणि रक्तातली साखर तिथे उतरायला पाचदहा मिनिटं लागतात. म्हणून एकेक आकड्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. पैसे द्यायचे ते दिवसभराचा चढउतार दाखवणाऱ्या रेघेचे.

लावताना घाई नको. दंडाची मागची, मांसल बाजू साबणाने धुवा. खोबरेल किंवा क्रीम राहिलं तर चौथ्या दिवशी कड सुटायला लागते. केस काढा, स्पिरिट फिरवा, पूर्ण वाळू द्या, मगच अप्लिकेटर (सेन्सर दंडात बसवणारं साधन) दाबा. तासाभराने आकडे सुरू होतात, पण पहिला दिवस ते जरा भरकटतात. त्यामुळे संध्याकाळी लावून प्रयोग तिसऱ्या दिवसापासून करावेत. आकडे बघायला सेन्सर फोनने किंवा रीडरने स्कॅन करावा लागतो आणि त्याची साठवण फक्त ८ तासांची आहे. रात्री साडेदहाला स्कॅन करून झोपलात आणि सकाळी आठला उठलात, तर मधला तुकडा गेलाच.

इंदुरात खरी मजा सकाळच्या प्लेटची. एक दिवस नुसते पोहे, दुसऱ्या दिवशी तेवढेच पोहे आणि ५० ग्रॅम जिलेबी, तिसऱ्या दिवशी उसळ-पोहे. वेळ, चहा, गोळ्या तशाच ठेवा. पोह्यांची वाटी मोजून घ्या, नाहीतर तुलना फुकट. रेघ किती उंच गेली यापेक्षा दोन तासांनी कुठे आली ते पाहा. चौथ्या दिवशी तीच जिलेबी खाऊन लगेच वीस मिनिटं चाला. डॉक्टरांचं लेक्चर जे काम करत नाही, ते हा आलेख करतो.

आता फसगती. सेन्सर असलेल्या कुशीवर झोपलं की दाबामुळे तिथला द्रव हटतो आणि पहाटे तीनला ‘साखर ५५’ असं खोटं दिसतं. ओळख सोपी: रेघ एकदम विहिरीत पडते आणि कूस बदलताच तशीच वर येते. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्यांनी आकडा खोटा वाढू शकतो. (लिंबाला दोष देऊ नका. सरबतातली साखर हा वेगळा विषय.) सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे साखर खरंच उतरली असताना तीन चमचे साखर खाऊन लगेच स्कॅन करणं. आकडा मागेच रेंगाळतो, माणूस घाबरून आणखी खातो आणि तासाभराने २५०च्या पुढे जातो. पंधरा मिनिटं थांबा आणि बोट टोचून पाहा. एमआरआयच्या आधी सेन्सर काढावाच लागतो.

लिब्रेच्या अहवालात दोनच गोष्टी बघा. ७० ते १८० मधला वेळ बहुतेक मधुमेहींसाठी ७० टक्क्यांहून जास्त हवा आणि ७०च्या खालचा ४ टक्क्यांहून कमी. वयस्कर, जास्त धोका असणाऱ्यांसाठी पहिली हद्द सैल धरतात (५० टक्क्यांहून जास्त), पण ७०च्या खालचा वेळ उलट १ टक्क्याहून कमी हवा. सरासरी १५४ आली तर अंदाजे एचबीए१सी (गेल्या दोनतीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी) ७. रक्तक्षय किंवा सिकलसेल असेल तर एचबीए१सी चकवतो, तिथे हा सेन्सर जास्त कामाचा.

मात्र पहिल्या पिढीचा लिब्रे आपणहून गजर करत नाही. इन्सुलिनवर असून झोपेत साखर उतरत असेल त्यांनी गजरवालं पुढचं मॉडेलच घ्यावं. नुसत्या गोळ्यांवर असणाऱ्याला वर्षातून एकदोन सेन्सर पुरे, दर पंधरवड्याला काही हजार घालायची गरज नाही. मधुमेह नसलेल्याने तर हौसेखातर घेऊच नये, जेवणानंतरची साधी चढणही त्याला आजार वाटू लागते.

चौदा दिवसांनी सेन्सर आपोआप बंद पडतो. काढताना कड खोबरेलने भिजवा, कातडी सोलवटत नाही. आत बॅटरी आहे, तेव्हा इंदूरच्या सकाळच्या कचरागाडीत सेन्सर ई-कचऱ्याच्या कप्प्यात जाऊ द्या. अप्लिकेटरमध्ये सुई राहते, तो टोपण लावून वेगळा, सांगून द्या.