8 मायक्रॉनचे ट्रान्सवेल इन्सर्ट: फायब्रोसाइटची धाव मोजायला कितपत भरवशाचे?

फायब्रोसाइट, म्हणजे इजा झालेल्या ऊतीकडे जाणाऱ्या रक्तातल्या पेशी, कशाच्या ओढीने धावतात हे तपासायला 24 वेल (खळग्यांच्या) प्लेटमधले 8 मायक्रॉन छिद्रांचे इन्सर्ट जरूर घ्या. इन्सर्ट म्हणजे वेलमध्ये बसणारा, तळाला सच्छिद्र पडदा असलेला छोटा कप: वर पेशी, खाली ओढणारे रसायन. साधन साधे आहे, पण वापरण्यातल्या चुका निकाल पार उलटवतात.

या पेशी अस्थिमज्जेतून येतात, मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या वंशातून. 1994 साली बुकाला आणि सहकाऱ्यांनी त्यांचे वर्णन केले. पृष्ठभागावर सीडी45 आणि सीडी34, आत कोलॅजेन 1 ही प्रथिने, ही त्यांची खूण. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत त्या 1 टक्क्याहूनही कमी असतात. इजा झालेल्या ऊतीतून सीएक्ससीएल12 हे केमोकाइन (पेशींना ओढणारे प्रथिन) सुटते, पेशीवरचा सीएक्ससीआर4 हा रिसेप्टर ते टिपतो आणि पेशी रक्तवाहिनीबाहेर पडते. केमोकाइन सीसीएल21 आणि रिसेप्टर सीसीआर7 ही दुसरी जोडी. इन्सर्ट यातली फक्त रसायनाकडची ओढ मोजते. रक्ताचा प्रवाह नाही, एंडोथेलियमचा, म्हणजे रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराचा, थर नाही. म्हणून त्यावरून ‘पेशी फुप्फुसात पोचतात’ असे लिहू नये.

आता पडद्याकडे बारकाईने पाहू. 6.5 मिमी इन्सर्टचे क्षेत्रफळ 0.33 चौरस सेंमी. पॉलिकार्बोनेट प्लास्टिकच्या पडद्यावर चौरस सेंमीला साधारण 1 लाख छिद्रे, म्हणजे एका इन्सर्टला जेमतेम 33 हजार वाटा. त्यावर भरमसाट पेशी ओतल्या की वाटाच तुंबतात, आणि ‘प्रतिसाद नाही’ असा खोटा निष्कर्ष निघतो. 3 मायक्रॉनचे इन्सर्ट या कामाला घेऊ नका, लांबट झालेल्या फायब्रोसाइटला ते फार अरुंद पडते.

आधी खाली 600 मायक्रोलिटर केमोकाइनचे द्रावण भरा, मग इन्सर्ट तिरके धरून अलगद उतरवा, शेवटी वर 100 मायक्रोलिटर पेशी. इन्सर्ट सरळ दाबून बसवले तर पडद्याखाली हवेचा बुडबुडा अडकतो आणि तेवढा भाग कोरडा राहतो. वाढवलेल्या पेशी भांड्यापासून सोडवायला ट्रिप्सिन हे प्रथिने तोडणारे विकर टाळा, रिसेप्टरला इजा होऊ शकते. थंड पीबीएसमधले (क्षारांच्या बफर द्रावणातले) ईडीटीए बरे, ते कॅल्शियम बांधून पेशी सोडवते. पेशी वाढवताना माध्यमात सीरम (रक्तद्रव) नको, कारण त्यातले सीरम अमायलॉइड पी हे प्रथिन मोनोसाइटला फायब्रोसाइट होण्यापासून रोखते. सीरमशिवाय साधारण 5 दिवसांत टकळीसारख्या लांबट पेशी दिसू लागतात.

मोजणीत सर्वाधिक घात होतो. ओलांडलेल्या फायब्रोसाइट पडद्याच्या खालच्या बाजूला चिकटून राहतात. फक्त खालच्या वेलमधले द्रव मोजले तर बहुतेक पेशी हातच्या जातात. वरची बाजू कापसाच्या बोळ्याने पुसा, खालची स्थिर करून रंगवा. पॉलिकार्बोनेट धूसर असते, फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली नीट दिसत नाही. न रंगवता पाहायचे असेल तर पीईटी प्लास्टिकचा पारदर्शक पडदा घ्या.

एक कंट्रोल (तुलनेची चाचणी) कधीही गाळू नका: केमोकाइन वर आणि खाली सारखेच. तिथेही तितक्याच पेशी उतरल्या तर ती दिशा धरलेली धाव नव्हे, नुसती वाढलेली हालचाल. आणि उतरलेल्या पेशी सीडी45 व कोलॅजेन 1 ने रंगवून तपासाच. साधे मोनोसाइटही याच छिद्रांतून सहज उतरतात.