यूटीएफ-८ की यूटीएफ-१६?

नौपाड्यातला मित्र वाचनालयाची मराठी पुस्तकयादी संगणकावर चढवतोय आणि इथेच अडलाय: अक्षरं संगणकात साठवायच्या या दोन पद्धतींपैकी कुठली घ्यावी?

जागा पाहिली तर देवनागरी चिन्हाला पहिल्यात ३ बाइट (साठवणीचं छोटं एकक), दुसऱ्यात २. ‘ठाणे’ म्हणजे ठ, काना, ण, मात्रा: १२ विरुद्ध ८. पण इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, एचटीएमएलचे टॅग (वेबपानाची रचना सांगणाऱ्या खुणा) यांना पहिल्यात १ बाइट पुरतो, दुसऱ्यात २ लागतात. वेबपानावर बचत बरीचशी विरते. (पुस्तकयादी ती केवढी, जागेवरून वाद कशाला?)

खरा फरक टिकाऊपणात. यूटीएफ-१६मध्ये बाइटांचा क्रम उलटा वाचला की सगळा मजकूर कचरा. यूटीएफ-८ला ती भानगडच नाही. एखादा बाइट गहाळ झाला तरी पुढचं अक्षर सापडतं.

फाइल, वेबसाइट, देवाणघेवाण यांसाठी यूटीएफ-८. विंडोजच्या आतल्या फंक्शनांशी थेट बोलणारा प्रोग्राम लिहायचा असेल, तर यूटीएफ-१६.