मेदूझा : परागंदा पत्रकारांची बातमी-सेवा

रशियात काय चाललंय हे मनापासून समजून घ्यायचं असेल, तर मेदूझाची इंग्रजी आवृत्ती वाचाच. फुकट आहे, वाचकांकडून देणग्या घेते.

२०१४ मध्ये गलिना तिमचेन्को यांना ‘लेंता’ या रशियन बातम्यांच्या साइटच्या संपादकपदावरून काढलं. अनेक सहकाऱ्यांनी राजीनामे दिले आणि त्याच वर्षी लॅटव्हियातल्या रीगाहून मेदूझा सुरू झालं. पुढे रशियन सरकारने २०२१ मध्ये मेदूझावर ‘परकीय हस्तक’ हा शिक्का मारला, मार्च २०२२ मध्ये रशियात साइट बंद केली आणि जानेवारी २०२३ मध्ये तिला ‘अनिष्ट संस्था’ ठरवलं. पुढच्याच महिन्यात तिमचेन्कोंच्या आयफोनमध्ये पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर घुसवलं गेलं. देश सोडला तरी पिच्छा सुटत नाही!

मला यांची चिकाटी फार भावते. युक्रेन युद्धात किती रशियन सैनिक मेले हे सरकार सांगेना. मग मीडियाझोना या दुसऱ्या स्वतंत्र रशियन बातमी-साइटच्या पत्रकारांसोबत यांनी मृत्यूनंतर उघडणाऱ्या वारसा-प्रकरणांच्या नोंदी पालथ्या घातल्या. मे २०२३ अखेरपर्यंत सुमारे ४७,००० असा अंदाज निघाला. हिशेब कसा केला, तेही सविस्तर मांडलं. अशी पत्रकारिता विरळाच.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. माझा भाचा रशियात एमबीबीएस करतोय. त्याला मी यातली एकही लिंक पाठवत नाही. ‘अनिष्ट’ संस्थेचा मजकूर शेअर केला तरी तिथे कारवाई होते. आपल्याकडची कितीतरी मुलं रशियात शिकतात, त्यांच्या पालकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड करताना जपावं. आणि देणगी द्यायची तर ती स्वतःच्याच नावाने, इथूनच द्या.