उन्हाळ्यात टाकलेला स्लॅब: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

लातूरमधील आमच्या घराचा स्लॅब एप्रिलमध्ये टाकला आणि आता त्याच्यावरून एक पावसाळा गेला आहे. एम-२० (ताकदीची एक प्रत) काँक्रीट, पाच इंच जाडी, पीपीसी (पोर्टलंड पोझोलाना, म्हणजे राख मिसळलेले) सिमेंट, सळई उचलून धरायला तिच्याखाली २० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक, असा तपशील होता. सेंट्रिंगचे (काँक्रीट ओतण्यासाठीच्या तात्पुरत्या साच्याचे) काम चांगले झाले, त्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती क्युरिंगची, म्हणजे टाकलेले काँक्रीट पुढे काही दिवस ओले ठेवण्याची.

पहिल्याच मोठ्या पावसात जिन्यालगतच्या पट्टीखाली ओल उमटली. उरलेले छत मात्र कोरडे राहिले. गुत्तेदाराने पीपीसी सिमेंटच कमी ताकदीचे असते असे सांगून वॉटरप्रूफिंगचा लेप सुचवला, अर्थात आमच्या खर्चाने. सुरुवातीला मलाही त्याचे म्हणणे पटले होते. पण त्याच गोण्या, तीच खडी आणि तोच मिक्सर सगळ्या छताला वापरलेला असताना ओल एकाच पट्टीत का यावी, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते.

फरक पाण्याचा होता. मोठ्या भागावर आळी (पाणी अडवणारे छोटे बांध घातलेले वाफे) बांधून पाणी उभे ठेवले होते. जिन्याकडच्या पट्टीवर मात्र पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) विटा रचल्यामुळे तिथे सकाळ-संध्याकाळ पाईपने पाणी मारण्यावर भागवले गेले. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो आणि वाराही कोरडा असतो, त्यामुळे शिंपडलेले पाणी बघता बघता उडून जाते आणि काँक्रीट दिवसभर तहानलेले राहते. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार ओपीसीच्या (साध्या पोर्टलंड सिमेंटच्या) काँक्रीटला किमान ७ दिवस आणि कोरड्या, उष्ण हवेत किमान १० दिवस सतत ओलावा हवा. पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटसाठी अशा हवेत १४ दिवसांची शिफारस आहे. त्याचे कारणही सरळ आहे. पीपीसीमध्ये औष्णिक वीज केंद्रांतून, म्हणजे आपल्या परळीसारख्या ठिकाणी, निघते तशी राख असते. सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी तिची क्रिया संथपणे होते आणि तेवढा काळ पाणी मिळाले तरच काँक्रीटमधील सूक्ष्म छिद्रे बुजतात. त्यामुळे पीपीसीबद्दलचे माझे मत आता पूर्ण बदलले आहे: जिथे पाणी उभे होते, तिथे याच सिमेंटने थेंबही झिरपू दिलेला नाही.

टँकरच्या भावाची मलाही जाणीव आहे, आणि उन्हाळ्यात छतावर पाणी साठवून ठेवणे जिवावर येते. तरीही हिशेब करून पाहावा. हजार चौरस फुटांवर दोन सेंटिमीटर पाणी उभे करायला सुमारे १,८६० लिटर लागतात. पुढे रोज उडून जाईल तेवढीच भर घालायची असते. वर ओले गोणपाट अंथरले, तर ही भरही कमी लागते. लेपाचा जो खर्च मला सांगितला गेला, त्यात हे सगळे पाणी येऊन वर पैसे उरले असते.

त्या पट्टीच्या दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, यावरून गुत्तेदाराशी वाद अजून मिटलेला नाही, कारण आमच्या लेखी करारात क्युरिंगचा उल्लेखच नव्हता. 'पाणी मालकाचे' एवढेच तोंडी ठरले होते. वरच्या मजल्याच्या करारात मी तीन गोष्टी लिहून घेणार आहे: पीपीसी वापरल्यास चौदा दिवस आळी भरलेली राहतील, त्या काळात स्लॅबवर विटा किंवा वाळू रचली जाणार नाही, आणि ही मुदत संपल्याखेरीज पुढचा हप्ता दिला जाणार नाही.