स्वयंपाकघर जाणते, मेनूकार्ड अबोल

पश्चिम नागपुरातील एका फ्रेंच रेस्टॉरंटविषयी हे लिहीत आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या दोषाबद्दल मला विस्ताराने लिहायचे आहे तो स्वयंपाकाचा नसून मेनूकार्डाचा आहे, तो व्यवस्थापकांच्या कानावर घातला आहे आणि त्यांनी तो शांतपणे ऐकूनही घेतला आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. इथल्या स्वयंपाकघराला आपले काम उत्तम येते, परंतु मेनूकार्ड गिऱ्हाइकाला जवळजवळ काहीच सांगत नाही. त्यामुळे फ्रेंच पदार्थांची नावे कशी वाचायची हे थोडेफार ठाऊक असलेला माणूस तृप्त होऊन परततो आणि ठाऊक नसलेला माणूस नको ते खाऊन किंवा हवे ते न खाता परततो.

कार्ड जाड, पिवळसर कागदावर छापलेले आहे, अक्षरे वळणदार आहेत आणि पदार्थांची नावे रोमन लिपीत, फ्रेंचमध्ये आहेत. नावाखाली एका ओळीचेही वर्णन नाही. फ्रेंच पदार्थाचे नाव बहुधा कृती, प्रदेश किंवा एखाद्या व्यक्तीकडे बोट दाखवते. आत काय घातले आहे हे खाणाऱ्याला माहीत असणार असे ते गृहीत धरते. आपणही मालवणी, कोल्हापुरी, सावजी असे म्हणतो आणि मसाला ओळखतो, पण त्या शब्दांमागचे वाटण आपल्या घरादारातले असते. लियोनेझ म्हणजे कांदा, फ्लोरेंतीन म्हणजे पालक, प्रोव्हांसाल म्हणजे टोमॅटो, लसूण आणि ऑलिव्ह तेल, फोरेस्तिएर म्हणजे मशरूम, क्रेसी म्हणजे गाजर, दु बारी म्हणजे फुलकोबी, हे कोणी सांगितल्यावाचून नागपूरच्या माणसाला कसे कळावे? यातली दु बारी ही राजा पंधराव्या लुईची प्रेयसी. तिचे नाव फुलकोबीच्या सूपला कायमचे चिकटले आहे आणि ते सूप या कार्डावर आहे. पार्मांतिए हे असेच आणखी एक नाव. आंत्वान-ओग्युस्तँ पार्मांतिए (1737–1813) यांनी प्रशियाच्या कैदेत असताना बटाटा खाल्ला आणि पुढे फ्रान्समध्ये त्याचा हिरिरीने प्रचार केला, म्हणून त्यांचे नाव दिसले की बटाटा आहे असे समजावे. मात्र तेवढ्यावरून पदार्थ शाकाहारी ठरत नाही, कारण ‘आशी पार्मांतिए’ या पदार्थात कुस्करलेल्या बटाट्याच्या थराखाली खिमा असतो.

पहिला घोटाळा तर विभागांच्या शीर्षकांपासूनच सुरू होतो. फ्रान्समध्ये ‘आंत्रे’ म्हणजे जेवणाची सुरुवात करून देणारा छोटा पदार्थ, आणि मुख्य पदार्थाला ‘प्ला’ म्हणतात. अमेरिकेत मात्र ‘आंत्रे’ हा शब्द मुख्य पदार्थासाठी रुळला आहे. या रेस्टॉरंटने सूप आणि सॅलडला स्वतंत्र विभाग देऊन मटण व चिकनचे भरपेट पदार्थ ‘आंत्रे’ या शीर्षकाखाली घातले आहेत, म्हणजे भाषा फ्रेंच आणि अर्थ अमेरिकन. शेजारच्या टेबलावरच्या एका कुटुंबाने सुरुवातीला म्हणून दोन ‘आंत्रे’ मागवले आणि दोन प्रचंड बश्या समोर आल्यावर त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. फ्रान्समध्ये ‘मेन्यू’ किंवा ‘फॉर्म्युल’ म्हणजे ठरावीक किमतीत ठरलेले दोन-तीन पदार्थ, आणि सगळ्या पदार्थांची यादी म्हणजे ‘कार्त’, हा भेदही प्रवासाला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावा.

आता कांद्याच्या सूपविषयी. हे सूप इथली सर्वांत चांगली गोष्ट आहे आणि मेनूकार्डाची सर्वांत मोठी चूकही त्याच्याच बाबतीत आहे. कांदा पातळ चिरून लोण्यात मंद आचेवर तासभर परतल्याशिवाय त्याला तो गडद, तपकिरी गोडवा येत नाही. आच मोठी करून घाई केली तर कडा करपतात आणि सूप कडवट लागते. इथे ती घाई केलेली नव्हती. मातीच्या खोलगट वाडग्यात वरपर्यंत सूप, त्यावर भाजलेल्या पावाचा जाड तुकडा, त्यावर चीज, आणि ते सगळे वरून भाजून आणलेले. चमचा घातला की आधी कडक पापुद्रा मोडतो, मग भिजून मऊ झालेला पाव लागतो आणि शेवटी कांद्याचे लांब, मऊ धागे. मिठाचे प्रमाण नेमके होते. पण कार्डावर या सूपपुढे कुठलेच चिन्ह नव्हते. माझ्या सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, त्यांनी वाढणाऱ्या मुलाला सरळ विचारले, “यात अंडं-मटण काही नाही ना रे बाबा?” त्यावर तो तितक्याच सरळपणे म्हणाला, “नाही काकू, नुसता कांदा आणि चीज आहे.” या सूपचा पाया परंपरेने गोमांसाचा स्टॉक, म्हणजे हाडे-मांस उकळून गाळलेले पाणी, असतो आणि आपल्याकडे बहुतेक जण त्याऐवजी कोंबडीचा वापरतात, एवढे मला माहीत असल्याने मी आतून खात्री करून घ्यायला सांगितले. शेफ स्वतः बाहेर आले आणि स्टॉक कोंबडीचाच असल्याचे त्यांनी लगेच, आडपडदा न ठेवता सांगितले. त्या मुलाने खोटे सांगितले असे मी म्हणणार नाही. त्याला कोणी शिकवलेच नव्हते. परंतु ज्या शहरात निम्मी टेबले मागवण्याआधी हाच प्रश्न विचारतात, तिथे या अज्ञानाची जबाबदारी वाढणाऱ्यावर ढकलता येत नाही.

चीजबद्दलही विचारले. या सूपसाठी वापरले जाणारे पारंपरिक ग्रुयेर चीज वासराच्या जठरातून काढलेल्या, दूध गोठवणाऱ्या रेनेटने केले जाते, त्यामुळे कडक शाकाहारी माणसाला ते चालत नाही. इथे पाकिटावर हिरवे चिन्ह असलेले भारतीय चीज वापरतात. ग्रुयेरचा खारट, सुकामेव्यासारखा स्वाद त्यात नाही, पण सासूबाईंसारख्यांसाठी हा बदल योग्यच आहे.

सॉसच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवली तर फ्रेंच मेनूवरचे निम्मे प्रश्न सुटतात. लोणी आणि मैदा समप्रमाणात परतून जो ‘रू’ तयार होतो त्यात दूध घातले की बेशामेल होते, आणि कोंबडीचा, वासराचा किंवा माशाचा स्टॉक घातला की व्हलूते होते. दिसायला दोन्ही पांढुरके, दाट आणि गुळगुळीत. पहिले शाकाहाऱ्याला चालते, दुसरे चालत नाही, आणि ‘व्हलूते’ हे नाव हल्ली नुसत्या दाट, मऊसर सूपलाही देतात, म्हणून मशरूमचे व्हलूते मागवताना स्टॉक कशाचा हे विचारलेच पाहिजे. हॉलंडेझ, बेअर्नेझ आणि मेयोनेझ या तिन्हींचा आधार अंड्याचा बलक आहे. क्रेम आंग्लेझ हा गोड सॉसही बलकानेच दाट होतो.

अंड्याचा मुद्दा किशच्या वेळी पुन्हा आला. किश म्हणजे खुसखुशीत पारीत अंडी आणि क्रीम यांचे मिश्रण ओतून भाजलेला पदार्थ. अंडे नसेल तर ते किश नव्हेच. त्यातला लोरेन हा प्रकार डुकराच्या मांसाच्या छोट्या तुकड्यांचा, ज्यांना ‘लार्दों’ म्हणतात. या कार्डावर ‘व्हेज किश लोरेन’ आहे आणि त्यापुढे हिरवे चिन्ह आहे. आत पालक आणि मका निघाला. म्हणजे नाव चुकले आणि चिन्हही चुकले, कारण आपल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे अंडे मांसाहारात मोडते. चवीला पदार्थ वाईट नव्हता, पारी तर फारच सुरेख, तळाशीही कोरडी राहिलेली. पालकाच्या किशला फ्लोरेंतीन म्हणून योग्य ते चिन्ह दिले असते तर तक्रारीला जागाच उरली नसती.

शाकाहाऱ्यांनी निःशंक मनाने मागवावे असे इथे रातातुई आहे. वांगी, झुकिनी, ढोबळी मिरची, टोमॅटो, कांदा आणि लसूण ऑलिव्ह तेलात शिजवलेली ही नीस आणि प्रोव्हांस भागातली घरगुती भाजी. भाज्यांच्या पातळ चकत्या गोलाकार रचून आणतात तो प्रकार वेगळा. तो मिशेल गेरार या शेफनी 1976 मध्ये रूढ केलेल्या मांडणीतून आला आहे. इथे साधी, फोडींची भाजी मिळते आणि मला तीच बरी वाटते. भाज्या वेगवेगळ्या परतून मग एकत्र केल्या असाव्यात, कारण वांगे विरघळले नव्हते आणि मिरचीचा कस टिकून होता. सावजी रश्श्याला सरावलेल्या जिभेला ती मिळमिळीत वाटेल, याला इलाज नाही.

मांसाहारी पदार्थांत ‘मटण बुर्गिन्यों’ला मी पहिला क्रमांक देईन, आणि त्याच्या नावालाही. मूळ पदार्थ बफ बुर्गिन्यों, म्हणजे बुर्गोन्य प्रांताच्या लाल वाइनमध्ये दीर्घकाळ शिजवलेले गोमांस. महाराष्ट्रात 2015 पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, तेव्हा मूळ पदार्थ इथे मिळणे शक्यच नाही. शेफनी नावातच ‘मटण’ लिहून गिऱ्हाइकाशी सरळ व्यवहार केला आहे. वाइन नाशिककडची आहे. बोकडाच्या मांडीचे मोठे तुकडे, अख्खे छोटे कांदे, मशरूम, गाजर, आणि चमच्याच्या पाठीवर पातळ थर धरून राहणारी चकचकीत, गडद ग्रेव्ही. मटण काट्याने सुटत होते, तरी तंतू शाबूत होते. एक सूचना वाइन न घेणाऱ्यांसाठी: शिजवल्याने अल्कोहोल पूर्णपणे उडून जाते ही समजूत बरोबर नाही, काही अंश राहतोच. ज्यांना तत्त्व म्हणून ते नको असेल त्यांनी ‘ओ व्हँ’ (वाइनमधले) किंवा ‘बुर्गिन्यों’ लिहिलेले पदार्थ टाळावेत.

कॉक ओ व्हँ मात्र फसले आहे. वय झालेल्या कोंबड्याचे चिवट मांस वाइनमध्ये तासन्‌तास मऊ करत नेण्यासाठी ही कृती आहे. इथे त्यासाठी ब्रॉयलर वापरतात, तो एवढा वेळ आचेवर टिकत नाही. तुकड्यांचा भुगा झाला होता आणि रस्सा मांसात मुरलाच नव्हता. आसपासच्या गावांतून गावरान कोंबडा मिळणाऱ्या नागपुरात हे व्हावे याचे आश्चर्य वाटते. आणखी एक, मूळ कृतीत यातही लार्दों असतात. इथे ते नाहीत, पण डुकराचे मांस न खाणाऱ्यांनी इतरत्र हा पदार्थ मागवताना विचारून घ्यावे. कासुले या पांढऱ्या घेवड्याच्या पदार्थाचेही तेच. नावावरून उसळ वाटावी, आत बदक आणि सॉसेज.

फुआ ग्रा, म्हणजे कोंबून खाऊ घालून वाढवलेल्या बदक-हंसाचे यकृत, कार्डावर नाही, कारण त्याच्या आयातीवर भारताने 2014 मध्येच बंदी घातली. बदकाचे कॉन्फी आहे, म्हणजे मीठ लावून ठेवलेली तंगडी बदकाच्याच चरबीत मंद आचेवर शिजवलेली, पण त्या दिवशी ते संपले होते. जे खरोखर फ्रान्सला जाणार आहेत त्यांनी मात्र तीन नावे पाठ करून जावीत: स्टेक तार्तार म्हणजे कच्च्या गोमांसाचा खिमा, आंदुयेत म्हणजे डुकराच्या आतड्यांचे उग्र वासाचे सॉसेज, आणि ‘रि द व्हो’ म्हणजे वासराची थायमस ग्रंथी. या शेवटच्या ‘रि’चा उच्चार भाताला असलेल्या फ्रेंच शब्दासारखाच, ‘रि’ असाच, होत असल्याने भात समजून ते मागवण्याचा धोका शाकाहाऱ्यांना अधिक आहे.

गोडात क्रेम ब्रुले ठीक होते, वरची जळक्या साखरेची काच पातळ आणि खालचे कस्टर्ड थंड. चॉकलेट मूस मी घेतला नाही. त्यात परंपरेने कच्ची अंडी असतात आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात मला तो धोका नको वाटतो. खरी दाद द्यायची ती क्रेप सुझेतला. लोणी, साखर आणि संत्र्याच्या रसात घोळवलेली ही पातळ धिरडी बहुतेक ठिकाणी आंबट-गोड मोसंबीवर्गीय फळ कुठलेही चालेल अशा वृत्तीने करतात. विख्यात फ्रेंच शेफ ओग्युस्त एस्कोफिए यांच्या कृतीत मात्र क्युरासाव या मद्याबरोबर मँडरिनचा रस आहे, आणि नागपुरी संत्रे हे मँडरिनच आहे. म्हणजे आपल्या फळाने इथे पर्यायी वस्तूचे नव्हे, मूळ वस्तूचेच काम केले आहे. सालीचा किसही घातला होता, लोणी फुटलेले नव्हते आणि गोडवा आवरता होता. इतक्या चांगल्या पदार्थाच्या नावापुढे कार्डावर ‘संत्रा’ एवढा एक शब्दही लिहू नये, हे मला समजत नाही. अंबिया बहाराची संत्री बाजारात असतील तेव्हाच तो मागवावा. बाकीच्या महिन्यांत रस डब्यातला असतो, असे विचारल्यावर कळले.

बिलात सेवाशुल्क जोडलेले होते. 2022 च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ते आपोआप लावता येत नाही. तसे म्हटल्यावर व्यवस्थापकांनी वाद न घालता ते काढून टाकले. शनिवार-रविवारी टेबल आधी सांगून ठेवावे लागते. शाकाहारी कांद्याचे सूप हवे असेल तर त्याच फोनवर तसे सांगावे, भाज्यांच्या स्टॉकमध्ये ते वेगळे करून देतात.