'हँड. कॅनॉट. इरेज.' : खून नाही, भूत नाही, तरी लई डार्क

प्रोग रॉकचा (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक) कन्सेप्ट अल्बम (सगळी गाणी मिळून एकच गोष्ट) म्हटलं की आपल्याकडच्या चार रॉकवाल्या पोरांना एकच पिंक फ्लॉइडचा 'द वॉल' आठवतो, त्याच्या पुढं कुणी जात नाही, म्हणून हे लिहायलोय. 'हँड. कॅनॉट. इरेज.' हा स्टीव्हन विल्सनचा (पॉर्क्युपाइन ट्री बँडवाला) २०१५ चा अल्बम आहे, ११ ट्रॅक, सगळा मिळून तासाच्या थोडा वर.

स्टोरीचं मूळ खरं आहे. लंडनमधी एक बाई, चाळिशीच्या आतली, आधी चांगल्या नोकरीत असलेली, सख्ख्या बहिणी असलेली, २००३ च्या शेवटी आपल्या फ्लॅटमधी वारली आणि कुणाला कळलं कधी तर जानेवारी २००६ मधी, ते बी भाडं थकलं म्हणून माणसं दार उघडून आत गेली तेव्हा, टीव्ही चालूच होता. विल्सननं तिची गोष्ट जशीच्या तशी नाही सांगितली, त्यावरून एक वेगळी बाई उभी केली जी मोठ्या शहरात येऊन हळूहळू सगळ्यांपासून तुटत जाते. व्हिलन कुणीच नाही, तीच तर भीती आहे. आमच्या लातुरात ट्युशन एरियात एका बिल्डिंगमधी चाळीस पोरं राहतात, मेसचा डबा दाराबाहेर येतो, रिकामा डबा दाराबाहेर जातो, आणि शेजारच्या रूममधल्याचं नाव विचारा, सांगता येत नाही. त्यामुळं हे लंडनचं आहे, आपलं काय, असं मला तरी वाटलं नाही.

'परफेक्ट लाइफ' मधी एक बाई नुसती बोलते, गात नाही. ती तेरा वर्षांची असताना घरी काही महिने एक पोरगी राहायला आलेली, तीन वर्षांनी मोठी, सख्ख्या बहिणीसारखी झाली आणि मग निघून गेली. पुढं तिचं नाव सुद्धा आठवेना. बस, एवढंच. पण अल्बमचं बी इथंच पेरलेलं आहे.

आणि 'रूटीन'. भांडी, धुणं, सैपाक, पोरांच्या शाळेची तयारी, सगळं रोजच्यासारखं, फक्त ज्यांच्यासाठी करायचं ती माणसंच आता राहिली नाहीत. गायिका निनेट तायेबचा आवाज आधी एकदम मऊ आहे आणि मग ती जे किंचाळते ना, काटा येतो अंगावर. जेस कोपनं केलेला बाहुल्यांचा स्टॉप मोशन व्हिडिओ बी आहे, पण आधी गाणं ऐका, व्हिडिओ नंतर.

वाजवणारे सगळे बाप लोक. 'रिग्रेट नंबर नाइन' मधी आधी अ‍ॅडम होल्झमनचा मूग सिंथवरचा (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) सोलो आणि मग गथ्री गोवनची गिटार. गोवनचा स्पीड सगळ्यांना माहीत आहे, इथं तो सूर धरून थांबतो, ते जास्त भारी वाटतं. ड्रमवर मार्को मिनेमन, बास गिटारवर निक बेग्ज.

आता खटकलं ते. टायटल ट्रॅक फारच गोड पॉप आहे, या स्टोरीत तो कामून असा ते मला अजून पटलेलं नाही. 'अँसेस्ट्रल' साडेतेरा मिनिटांचा, त्यातली पहिली सात-आठ मिनिटं जबरदस्त, नंतर तोच जड रिफ (गिटारचा छोटा तुकडा) फिरून फिरून येतो, मला तो लांबवल्यासारखा वाटला, मेटलवाले दोस्त माझ्याशी भांडतील. 'ट्रान्झियन्स' छोटाय, ठीकाय.

'हॅपी रिटर्न्स' मधी अल्बमच्या गोष्टीतली बाई भावाला पत्र लिहिते आणि उरलेलं उद्या लिहीन म्हणून सोडून देते. पुढं काय ते गाण्यात कुठंच सांगितलेलं नाही, आणि सांगितलं नाही तेच बरं केलं.

एसटीत ऐकू नका. लातूर-नांदेड रस्त्यावर दोनदा आरामात ऐकून होतो पण हळू पार्ट खिडकीच्या खडखडाटात सगळे जातात. रात्री घरी, चांगला वायरवाला हेडफोन लावून, शफल बंद करून. आणि एकदम अख्खा झेपणार नसंल तर 'परफेक्ट लाइफ' आणि 'रूटीन' लागोपाठ ऐका, ते दोन आवडले नाहीत तर बाकीचा अल्बम बी आवडायचा नाही.